दिव्याखालची मिरची: ग्रो लाइट निवडण्यापासून टायमर लावण्यापर्यंत

बंद खोलीत, उन्हाचा कवडसाही येत नसताना, मिरचीचं रोप बी पेरण्यापासून लाल फळ तोडेपर्यंत नुसत्या दिव्यावर वाढवता येतं. मी वाढवते. ज्यांच्या घराला गच्ची नाही, खिडकीत ऊन नाही, त्यांनी तर हे करून पाहावंच असं मला मनापासून वाटतं. अडचण बहुधा दिवा घेतानाच सुरू होते. माणसं आधी वॅट बघतात, मग रंग बघतात आणि पैसे मोजून मोकळी होतात. झाडाचा हिशेब निराळा असतो. दिवसभरात पानावर एकूण किती प्रकाश पडला, यावर त्याची वाढ ठरते. दिव्याचा आकार, उंची, तास, रंग हे सगळं त्या एका आकड्यासाठी करायचं असतं. म्हणून सुरुवात त्या आकड्यापासूनच करू.

डोळ्यांवर विसंबू नका

आपले डोळे अंधाराला आणि उजेडाला इतके पटकन सरावतात की प्रकाश मोजायला ते निरुपयोगी आहेत. रात्री दिवा लावलेल्या खोलीत आपण आरामात वाचतो, तेव्हा टेबलावर साधारण दोनशे-तीनशे लक्स उजेड असतो. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात तोच आकडा एक लाखाच्या आसपास जातो. आपल्याला दोन्हीकडे 'चांगला उजेड' वाटतो. रोपाला मात्र पहिल्या जागी जवळजवळ उपास घडतो. 'खोलीत भरपूर उजेड आहे, तरी रोप असं लांबुडकं का झालं?' असं मला कुणी विचारलं की मी आधी कुंडीशेजारी प्रकाश मोजायचं मीटर ठेवायला सांगते.

लक्स हे माणसाच्या डोळ्यांसाठीचं माप आहे. हिरवा-पिवळा प्रकाश त्यात जास्त धरला जातो, तांबडा आणि निळा कमी. झाडासाठी वेगळी मापं आहेत आणि दिव्याच्या खोक्यावर ती इंग्रजी आद्याक्षरांत छापलेली असतात. पीपीएफ म्हणजे दिवा दर सेकंदाला ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातले किती प्रकाशकण बाहेर टाकतो ते. हे मायक्रोमोलमध्ये मोजतात. पीपीएफडी म्हणजे त्यातले दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती पडतात ते. आणि डीएलआय म्हणजे दिवसभराची एका चौरस मीटरवरची एकूण बेरीज, मोलमध्ये (मोल हे कण मोजायचं एकक, एका मोलात दहा लाख मायक्रोमोल). पाण्याच्या मोटारीचं उदाहरण घ्या: मोटार किती जोरात पाणी फेकते तो पीपीएफडी, आणि दिवसभर चालून वाफ्यात एकूण किती पाणी गेलं तो डीएलआय. जोर कमी असेल तर तास वाढवून बेरीज गाठता येते, अर्थात एका मर्यादेपर्यंत.

हिशेब सोपा आहे. पीपीएफडीला दिवा चालू राहण्याच्या तासांनी गुणा, मग ०.००३६ ने गुणा. पानावर २०० पीपीएफडी पडत असेल आणि दिवा १६ तास चालत असेल, तर दिवसाचे ११.५ मोल झाले.

आता कुणाला किती लागतं ते सांगते. सावलीतल्या शोभेच्या झाडांचं दिवसाला ३-४ मोलांवरही भागतं. नुकत्या उगवलेल्या रोपांना ८-१० मोल पुरतात. म्हणजे १५० च्या आसपास पीपीएफडी आणि १६ तास. लेट्यूससारख्या पालेभाज्यांना आणि तुळशीच्या जातीतल्या बेसिलला १२ ते १५ मोल द्यावेत. मिरची आणि टोमॅटो यांना फळं धरायची असतील तर २० च्या खाली जाऊ नका, २५ मिळाले तर उत्तम. १४ तासांत २० मोल हवे असतील तर पानावर ४०० पीपीएफडी लागतो. साधा बल्ब फळापर्यंत का नेऊ शकत नाही, ते या आकड्यावरून लक्षात येईल. ९०० ल्यूमेनचा पांढरा एलईडी बल्ब चहूबाजूंना मिळून जेमतेम १३ मायक्रोमोल टाकतो. एखाद्या छोट्या बेसिलच्या कुंडीवर असे दोन बल्ब जवळ धरले तर काम भागतं. मिरचीच्या चार झाडांवर भागत नाही.

किती मोठा दिवा घ्यायचा

जागा मोजा, तीही दिवा घेण्याआधी. समजा, ६० सेंटीमीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा आहे. म्हणजे ०.३६ चौरस मीटर. मिरचीसाठी ४०० पीपीएफडी हवा, तर ०.३६ गुणिले ४०० म्हणजे १४४ मायक्रोमोल प्रत्यक्ष पानांवर पोचायला हवेत. काही प्रकाश भिंतीवर, जमिनीवर, वाटेत वाया जातोच. एक पंचमांश वाया धरला तर दिव्यातून १८० निघायला हवेत. चांगला एलईडी दिवा आज एका वॅटला २.५ मायक्रोमोल देतो. १८० भागिले २.५, म्हणजे ७२ वॅट. झाला हिशेब. त्याच जागेत फक्त पालेभाजी घ्यायची असेल तर ४० वॅटमध्ये काम होतं.

हे वॅट खरे हवेत, म्हणजे भिंतीच्या सॉकेटमधून दिवा प्रत्यक्ष ओढतो ते. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा बऱ्याचदा निराळाच असतो. आत १० वॅट क्षमतेचे १०० एलईडी आहेत म्हणून दिव्याला '१००० वॅट' म्हणायचं आणि प्रत्यक्षात ते एलईडी दहाव्या हिश्श्यावर चालवायचे, ही या धंद्यातली जुनी खोड आहे. 'अमुक वॅटच्या बरोबरीचा' अशी भाषा दिसली की मी पान उलटून तपशिलाचा तक्ता शोधते. त्यात तीन गोष्टी हव्यात: प्रत्यक्ष वीजवापर, एकूण पीपीएफ, आणि कोणत्या उंचीवर कुठे किती पीपीएफडी पडतो त्याचा चौकटीचौकटींचा नकाशा. पीपीएफला प्रत्यक्ष वॅटने भागलं की दिव्याची कार्यक्षमता कळते. २.५ आणि त्यावर असेल तर उत्तम. दोनच्या खाली असेल तर तो दिवा आज घेण्यासारखा नाही, कारण स्वस्तात पडला तरी फरक महिन्याच्या बिलात भरावा लागतो. नकाशाच दिला नसेल तर मी तो दिवा बाजूला ठेवते.

प्लग आणि सॉकेटमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर मिळतो, तो जरूर घ्या. विजेचं गणितही त्यावरून बांधता येतं: ७२ वॅट, १४ तास, म्हणजे दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस.

आणखी एक. सगळा प्रकाश मधल्या एका तुकड्यातून फेकणाऱ्या दिव्यापेक्षा पट्ट्या-पट्ट्यांचा, पसरट दिवा घरासाठी चांगला. झाडाच्या जवळ आणता येतो आणि कडेच्या कुंड्या उपाशी राहत नाहीत.

रंगाबद्दल

जांभळे दिवे कशावरून आले? क्लोरोफिल तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा कमी, हे शाळेत सगळेच शिकतात. त्यावरून 'हिरवा वायाच जातो' असा निष्कर्ष निघाला आणि फक्त लाल-निळे एलईडी असलेले दिवे बाजारात आले. पण कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ साली २२ पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं होतं की प्रकाशसंश्लेषण या सगळ्या पट्ट्यात होतं, हिरव्यातही बऱ्यापैकी होतं. शिवाय हिरवा प्रकाश पानाच्या आत खोलवर आणि वरच्या पानांतून खालच्या पानांपर्यंत पोचतो. दाट झाडाला त्याचा उपयोगच होतो.

माझी शिफारस साधी आहे: पांढरा दिवा घ्या. पांढरा एलईडी म्हणजे मुळात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी, त्यावर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या प्रकाशाचे इतर रंग करणाऱ्या पदार्थाचा थर. (या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरात मिरची पिकवणाऱ्यांनी त्यांचे आभार मानायला हवेत.) फक्त रोपं तयार करायची असतील तर ५००० ते ६५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे पांढऱ्या उजेडाच्या छटेचं माप) थंड पांढरा, त्यात निळा जास्त, म्हणून रोप बुटकं आणि दणकट राहतं. फळापर्यंत न्यायचं असेल तर ३००० ते ४००० केल्व्हिन, सोबत ६६० नॅनोमीटरचे थोडे लाल एलईडी असले तर फारच छान, कारण विजेचा प्रकाश करण्यात ते लाल एलईडी सगळ्यात काटकसरी असतात.

पांढऱ्या दिव्याचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो वेगळाच. त्या उजेडात पान दिसतं. जांभळ्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं. शिरांमधला फिकेपणा, पानामागची कोळी कीड, माव्याची पहिली वसाहत यातलं काही नजरेस पडत नाही. रोज पाच मिनिटं झाडाकडे नीट बघणं हे कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाचं आहे, आणि ते पांढऱ्या उजेडातच जमतं.

दिव्यावर 'व्हेज' (वाढीसाठी) आणि 'ब्लूम' (फुलोऱ्यासाठी) अशी दोन बटणं दिसतात. ग्रो लाइटचा बाजार मोठ्या प्रमाणावर गांजाच्या घरातल्या लागवडीभोवती वाढला, ही त्या लागवडीची भाषा. गांजा हे आखूड दिवसाला फुलणारं झाड. ते वाढवताना १८ तास उजेड आणि फुलवताना १२ तास उजेड, १२ तास सलग अंधार अशी पद्धत आहे. मिरची आणि टोमॅटोला ती लागू होत नाही. फुलं यावीत म्हणून मिरचीचे तास १२ वर आणले तर हाती काय येतं? रोजचा प्रकाश कमी होतो आणि कळ्या गळतात. दोन्ही बटणं सतत चालू ठेवा.

उंची ठरवणं आणि मोजणं

दिव्यासोबत आलेल्या कागदावर 'इतक्या सेंटीमीटरवर टांगा' असं लिहिलेलं असतं. तो अंदाज म्हणून घ्या आणि मग मोजा. प्रकाशाचं खास मीटर महाग असतं, पण दिवा पांढरा असेल तर साधं लक्स मीटर पुरतं. पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला ७० ने भागलं की पीपीएफडी मिळतो. अगदी तंतोतंत येणार नाही, पण कुंडीतल्या झाडासाठी पुरेसा जवळ येतो. १४,००० लक्स म्हणजे २००, २८,००० लक्स म्हणजे ४००. जांभळ्या दिव्याखाली हा भागाकार करू नका, तिथे लक्सच्या आकड्याला अर्थ उरत नाही. मोबाइलमधला सेन्सर फोनागणिक वेगळं सांगतो. पण 'ही बाजू त्या बाजूपेक्षा किती कमी' हे ताडून बघायला तो चालतो.

मी मोजते ते असं. कुंड्या बाजूला काढायच्या. शेंडा जिथे येतो त्या उंचीवर पुठ्ठा आडवा ठेवायचा, त्यावर तीन बाय तीन अशा नऊ चौकटी आखायच्या. मीटर प्रत्येक चौकटीत, तोंड वर करून, हात आणि डोकं वाटेत न आणता ठेवायचं आणि आकडा तिथेच पेन्सिलीने लिहायचा. मध्ये ३०,००० आणि कोपऱ्यात १२,००० असं काहीसं दिसेल. हा फरक आयताच उपयोगी पडतो: मध्ये मिरची, कोपऱ्यात बेसिल आणि नवी रोपं. तरीही सगळ्या कुंड्यांना सारखाच प्रकाश हवा असेल तर दिवा थोडा वर घ्या, आजूबाजूला पांढरे पुठ्ठे उभे करा आणि कुंड्यांच्या जागा आठवड्याला बदला. कपाटाला किंवा भिंतीला साधा पांढरा, चकाकी नसलेला रंग सगळ्यात चांगला. चुरगळलेल्या चंदेरी कागदापेक्षा तो प्रकाश अधिक सारखा परत पाठवतो.

शेंडा वर सरकतो तसा दिवाही वर सरकायला हवा, म्हणून तो खिळ्याला कायमचा बांधू नका. कप्पीवरची, हवी तिथे अडकणारी दोरी लावा. दिव्याला मंद करायची कळ असेल तर उगवणीच्या काळात दिवा दूर नेण्याऐवजी मंद करा. तेवढीच वीज वाचते.

तास आणि अंधार

झाडं दिवसाची लांबी ओळखतात हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडलं. मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखू उन्हाळ्यात नुसतीच उंच का वाढते आणि फुलत का नाही, यातून तो शोध सुरू झाला. घरातल्या माणसासाठी त्याचा अर्थ एवढाच की आपण काय लावलंय त्यावर तास ठरवायचे. शेवंतीला कळ्या धरायला लांब रात्र लागते. पालक उलटा, लांब दिवस मिळाला की पानं सोडून फुलोऱ्याला जातो, म्हणून त्याला १२ तासांच्या आसपास ठेवा. मिरची, टोमॅटो बहुतांशी बेफिकीर. त्यांना १४ ते १६ तास द्या.

चोवीस तास दिवा ठेवण्याचा मोह होतो, पण तो टाळा. सततच्या उजेडात टोमॅटोच्या पानांवर पिवळे डाग उमटतात, पानं वाळतात, आणि त्यावर खताचा काही उपाय चालत नाही. रोज निदान सहा-आठ तास अंधार द्या, ठरलेल्या वेळी. यासाठी टायमर लागतोच. तो घेताना थोडा दणकट घ्या. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि हलक्या टायमरच्या आतल्या पत्त्या चिकटतात. मग घड्याळ फिरत राहतं, दिवा मात्र विझत नाही.

पान काय सांगतं

प्रकाश कमी पडला तर उगवल्या-उगवल्या कळतं. पहिली दोन जाडसर पानं उघडतात त्याच्या खालचा दांडा लांब, पांढुरका, केसासारखा होतो आणि रोप दिव्याकडे कलतं. मोठ्या मिरचीत दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पानं मोठी पण पातळ येतात, कळ्या देठापासून पिवळ्या होऊन गळतात. दिवा खाली आणा किंवा एक-दोन तास वाढवा. लांबलेला दांडा आखूड होत नाही. टोमॅटो असेल तर कुंडी बदलताना तो दांडा मातीत गाडता येतो, त्याला मुळं फुटतात.

जास्त झाला तर चिन्हं वरून येतात. दिव्याच्या बरोबर खालच्या शेंड्याची पानं कडेने वर वळतात, द्रोणासारखी होतात, मग फिकट आणि शेवटी पांढुरकी पडतात. इथे बरेच जण खत घालतात. थांबा आणि आधी जागा बघा. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. लोह कमी पडलं तर कोवळं पान पिवळं होतं पण शिरा हिरव्या राहतात, आणि कडेच्या कुंडीतही तसंच दिसतं. प्रकाशाने फिकटलेली पानं मात्र दिव्याच्या सगळ्यात प्रखर भागाखालीच असतात. त्याच झाडाची सावलीत आलेली फांदी हिरवीगार असते. असं दिसलं तर दिवा वर घ्या आणि खताला हात लावू नका.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर ते प्रकरण थोडं गुंतागुंतीचं. जास्त प्रकाशाने वाढ इतकी वेगात होते की कॅल्शियम टोकापर्यंत पोचत नाही. आतल्या पानांभोवती हवा खेळली की पाणी उडून जातं आणि कॅल्शियम ओढलं जातं. छोटा पंखा, मंद, झाडांच्या डोक्यावरून. मिरचीला हा पंखा आणखी एका कामाला येतो. घरात मधमाशा नसतात, त्यामुळे फुलातला पराग हलवायला वारा लागतो. पंखा नसेल तर उमललेल्या फुलामागे देठाला बोटाने हलकी टिचकी मारा, सकाळी.

उष्णता, पाणी, वायरी

एलईडी 'थंड' असतात हे अर्धं खरं आहे. समोर ते सोडियम दिव्याइतकी आच फेकत नाहीत, पण ७२ वॅट घेतले म्हणजे शेवटी ७२ वॅटची उष्णता त्या खोलीत येणारच. हाताची पाठ शेंड्याच्या उंचीवर अर्धा मिनिट धरा. ऊब जाणवली तर दिवा जवळ आहे किंवा हवा कोंडली आहे. उलट, समोरची आच कमी असल्यामुळे पान खोलीच्या हवेपेक्षा फारसं तापत नाही आणि पाणी अंदाजापेक्षा कमी लागतं. दिवा बदलला की पाण्याचं वेळापत्रकही नव्याने ठरवा. कुंडी उचलून वजनावरून ठरवणं सगळ्यात बरं. प्रकाश वाढवला तर भूकही वाढते, तेव्हा खताची मात्रा हळूहळू वाढवा.

पाणी आणि वीज एकाच फळीवर असतात, म्हणून इथे हयगय नको. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर किंवा कुंडीखाली ठेवू नका, वर भिंतीला लावा. वायर सॉकेटकडे नेताना आधी खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी झोळापाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. अर्थिंग तपासून घ्या. फवारणी दिवा बंद करूनच करा. झाडाखाली डोकं घालून काम करायचं असेल तर दिवा मंद करा. प्रखर एलईडीकडे थेट बघणं डोळ्यांना चांगलं नाही, लहान मुलं असतील तर विशेष जपा.

महिन्यातून एकदा दिवा बंद करून, गार झाल्यावर, काच किंवा पट्टी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. खतपाण्याच्या तुषारांचा थर बराच प्रकाश खातो. एलईडी एकदम जात नाहीत, हळूहळू मंदावतात. खोक्यावर 'एल ९०' पुढे जे तास लिहिलेले असतात, तेवढ्या तासांनी प्रकाश मूळच्या ९० टक्क्यांवर येतो. म्हणून तो नऊ चौकटींचा पुठ्ठा जपून ठेवा आणि वर्षाने त्याच उंचीवर पुन्हा मोजा.

दिव्याखालची रोपं बाहेर उन्हात लावायची असतील तर घाई करू नका. ४०० ची सवय असलेल्या पानावर भर दुपारचं २,००० च्या घरातलं ऊन एकदम पडलं तर एका दिवसात पांढरे चट्टे पडतात. पहिल्या दिवशी कोवळ्या सकाळच्या उन्हात तासभर, मग रोज थोडा वेळ वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात. चट्टे पडलेच तर ती पानं तोडू नका, झाड दोन दिवस सावलीत ठेवा. नवीन येणारी पानं बाहेरच्या उन्हाला जुळवूनच येतात.